साहेबांचा समुद्र

साहेबांना निर्णय घेता येत नाही, ही गोष्ट ऑफिसात फक्त साहेबांना माहीत नव्हती.

बाकी सगळ्यांना ती पाठ होती. पडद्यांचा रंग असो, नवा कॉम्प्युटर असो, नाहीतर चहाचं मशीन कुठल्या भिंतीला लावायचं हा प्रश्न असो, साहेब टेबलावर दोन्ही तळवे ठेवून, छताकडे बघत म्हणायचे, “मी यावर रात्रभर विचार करतो.” आणि सकाळी पक्का, धारदार, कानामात्रेचाही फरक न होणारा निर्णय घेऊन यायचे. तो निर्णय वहिनींचा असायचा. वहिनी म्हणजे साहेबांची बायको. त्यांनी ऑफिसात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण ऑफिस त्याच चालवत होत्या, आणि बरं चालवत होत्या. साहेबांनी स्वतःच्या डोक्यानं घेतलेला एकच निर्णय ऑफिसात शिल्लक होता. तो म्हणजे मीटिंगच्या खोलीचं आतून न उघडणारं दार.

धंदा होता दुसऱ्यांच्या फाईली सांभाळण्याचा. लोक आपले फोटो, कागद, व्हिडिओ या कंपनीच्या क्लाउडवर ठेवत. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. कुठल्याशा लांबच्या गोदामात गरम होत बसलेले कॉम्प्युटर. त्याला ढग हे नाव देणाऱ्याला कोणीतरी तिथल्या वायरींत दोन तास उभं करायला हवं. ते असो. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाची प्रत्येक फाईल कुलपात असायची. आता सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं, म्हणजे एका गादी कंपनीच्या मालकीणबाईंनी, फर्मान काढलं होतं की काही फाईली बिनकुलपाच्या हव्यात. ज्याच्याकडे लिंक, त्यानं उघडावी. गाद्यांचे फोटो कुलपात ठेवून गाद्या खपणार कशा? शुक्रवारपर्यंत सोय करा, नाहीतर आम्ही निघालो.

म्हणजे निर्णय आला. आणि नेमक्या याच आठवड्यात वहिनी साहेबांशी बोलत नव्हत्या.

ही बातमी हिशेबनीसकाकांनी आणली. ते साहेबांच्याच इमारतीत, बरोब्बर खालच्या मजल्यावर राहायचे. “घोरण्यावरून भांडण झालंय,” काका म्हणाले. “वहिनी म्हणतात घोरता. हे म्हणतात मी जन्मात घोरलो नाही. शेवटी गादीवाल्या बाईंचं फर्मान आलं त्याच रात्री वहिनींनी यांच्याच फोनवर रात्रभराचं रेकॉर्डिंग केलं, सकाळी फोन यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ऐका, मगच माझ्याशी बोला. झालं! तेव्हापासून अबोला.”

“मग ऐकलं का साहेबांनी?” कोणीतरी विचारलं.

“साहेब आणि ऐकणार?” काका म्हणाले. “तो माणूस आपला चष्मासुद्धा बायकोला विचारून शोधतो, पण स्वतःचं घोरणं कबूल करणार नाही.”

मीटिंग भरली. मीटिंग ही गोष्ट ज्यानं शोधली त्याला बहुधा घरी कोणी बोलू देत नसावं. साहेब मधे बसले. उजवीकडे विक्रीचं काम बघणारा गडी. त्याला सगळे होयबा म्हणायचे, आणि त्याला त्याचा अभिमान होता. डावीकडे सगळी यंत्रणा एकहाती चालवणारी इंजिनिअर. तिचं नाव पडलं होतं नकोबाई.

“तर विषय असा,” साहेब म्हणाले, “की सार्वजनिक साठवण द्यायची की नाही.”

“सार्वजनिक म्हटलं की मला एकच जागा आठवते,” काका म्हणाले, “आणि तिथे मी नाक दाबून जातो.”

“काका, आपण फाईलींबद्दल बोलतोय.”

“मीही.”

“भन्नाट कल्पना आहे, साहेब!” होयबा म्हणाला.

“कोणती? मी अजून काही म्हटलंच नाही.”

“तेच तर! न म्हणताच भन्नाट!”

“नको,” नकोबाई म्हणाली.

साहेबांनी सुस्कारा सोडला. “का नको?”

“कुलूप काढायला माझी हरकत नाही. काढणाऱ्या माणसांची मला धास्ती आहे. लोक फाईल उघडून बघत नाहीत, साहेब. नाव बघतात, तेही अर्धं. गादीच्या फोटोऐवजी एखादा आपली पगाराची चिठ्ठी टाकेल, एखादा आंघोळीनंतरचा फोटो टाकेल, आणि मग सगळ्या जगानं बघितल्यावर मला फोन करेल, ताई, तेवढं परत आणा ना. मी सगळं लिहून पाठवलंय तुम्हाला, उपायासकट. उघडलंत का?”

“हो तर!”

“काय लिहिलंय त्यात?”

साहेबांनी छताकडे पाहिलं. छतावर काही लिहिलेलं नव्हतं. “एकंदरीत... छान लिहिलंय.”

“उत्तम लिहिलंय!” होयबा म्हणाला. त्यानंही उघडलं नव्हतं.

नकोबाईचं डोकं सटकलं. तिचं डोकं सटकलं की आवाज चढत नसे, उलट खाली जाई, आणि तेच भीतीदायक होतं. “ठीक आहे. पैज लावा. ही सोय मी आजच चालू करते, पण फाईल चढवायची मुभा फक्त ऑफिसातल्यांना. शुक्रवारपर्यंत या ऑफिसातल्या एकानंही चुकीची फाईल चव्हाट्यावर टाकली नाही, तर तुम्ही म्हणाल ते खरं. मी खुर्ची सोडते.”

“आणि टाकली तर?”

“तर मी इथेच राहणार, आणि मी काही लिहून पाठवलं की तुम्ही ते उघडून वाचणार. जन्मभर.”

“मंजूर!” साहेब म्हणाले. वहिनींना न विचारता त्यांनी त्या दारानंतर पहिल्यांदाच काही मंजूर केलं होतं. त्यांना जरा गरगरलं.

काकांनी नकोबाईला बाहेर गाठलं. “अगं, काय वेडबिड लागलंय का? तुझ्या सासूबाईंची औषधं, नवऱ्याचं बसलेलं दुकान, सगळं या खुर्चीवर चाललंय ना?”

“काका, मला साहेबांवर पूर्ण विश्वास आहे,” नकोबाई म्हणाली. “घोटाळा केल्याशिवाय ते राहणार नाहीत.”

तिला तासभरसुद्धा थांबावं लागलं नाही.

साहेबांना उद्घाटन स्वतःच्या हातानं करायचं होतं. फीत कापायला मिळत नाही, निदान फाईल तरी चढवू. आणि चढवायचीच तर मोठी चढवू, म्हणजे यंत्रणेचा दम कळेल. त्यांनी फोन काढला आणि त्यातली सगळ्यात जाडजूड फाईल शोधली. एक आवाजाची फाईल निघाली. नाव म्हणजे नुसते आकडे. रात्रभराची लांबी. दुसऱ्या कुणी निदान कपाळाला आठी घातली असती. साहेबांनी बोट ठेवलं, ‘सार्वजनिक करा’ दाबलं आणि लिंक ऑफिसच्या ग्रुपवर सोडली. खाली लिहिलं: “शुभारंभ!!!”

होयबानं कानात इअरफोन घातले आणि आपल्या रीतीप्रमाणे चार सेकंद ऐकलं. घर्रर्र... फूस्स्स. घर्रर्र... फूस्स्स. लगेच त्यानं लिहिलं: “वा साहेब! समुद्र! काय लाटा आहेत!”

साहेब सुखावले. आपल्या फोनमध्ये समुद्र आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण होयबा म्हणतोय म्हणजे असेल. त्यांनी उत्तर दिलं: “हो. खूप विचार करून निवडला.”

ही ओळ लिहिली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण नाही! माणसाला शहाणं दिसण्याची इतकी घाई असते की शहाणं व्हायला वेळच उरत नाही.

होयबा तेवढ्यावर थांबला असता तर त्याला होयबा कोणी म्हटलं असतं? त्यानं लिंक थेट गादीवाल्या बाईंना पाठवली. “मॅडम, सोय तयार आहे! नमुना म्हणून आमच्या साहेबांनी स्वतः निवडलेला समुद्र पाठवतोय.” बाई कामात होत्या. त्यांनीही उघडून बघितलं नाही. आपल्या माणसाला सांगितलं, “झोपेचं संगीत आलंय, टाक साइटवर.” आणि तासाभरात त्यांच्या सगळ्यात महागड्या गादीच्या फोटोखाली एक बटण आलं: ‘डोळे मिटा आणि ऐका.’

लोकांनी डोळे मिटले आणि ऐकलं.

ऑफिसच्या भिंतीवर एक पडदा होता. फाईली किती जण उघडतात ते त्यावर एक हिरवी रेघ दाखवायची. ही रेघ वर्षानुवर्षं पालथी पडून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली. चहाच्या वेळेला उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत तिनं पडद्याची चौकट गाठली आणि वर जायला जागा नाही म्हणून तिथेच थरथरत राहिली.

“अभिनंदन, साहेब!” होयबा ओरडत आला. “समुद्र उसळलाय! गाद्या धडाधड खपताहेत! लोक काय काय लिहिताहेत बघा. एक म्हणतो, कित्येक महिन्यांनी झोप लागली. एक म्हणते, तो आवाज ऐकला की बाळ रडायचं थांबतं. आणि हा बघा, हा म्हणतो, मधेच ती बाई ‘कूस बदला’ म्हणते तेव्हा मी, आजोबा आणि मांजर, तिघं एकदम कूस बदलतो!”

“कोणती बाई?” साहेब म्हणाले.

“कोणती बाई?” नकोबाई म्हणाली, आणि उठली.

तिनं सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं, फाईल स्पीकरला जोडली आणि आवाज मोठा केला.

घर्रर्र... फूस्स्स. घर्रर्र... फूस्स्स. खिडकीची काच हळूच थरथरली. आणि मग एक बाईमाणसाचा, थकलेला पण करारी आवाज: “कूस बदला!” खाट करकरली. क्षणभर शांतता. मग अगदी सावकाश, नव्या जोमानं: घर्रर्र...

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. मग त्यावर जो रंग आला त्याचं नाव कुठल्याच रंगाच्या डब्यावर नसतं.

“साहेब,” नकोबाई गोड आवाजात म्हणाली, “ही फाईल बरोबर आहे की चुकीची?”

आता साहेबांची अडचण समजून घ्या. चुकीची म्हणावं, तर हे आपलंच घोरणं आहे हे भर ऑफिसात कबूल करावं लागणार, आणि ते संध्याकाळच्या आत वहिनींच्या कानावर जाणार. काका खालच्याच मजल्यावर! बरोबर म्हणावं, तर पैज जिंकली, इज्जत राहिली. नकोबाईची नोकरी तेवढी जाणार. भल्या माणसाला यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. साहेबांनी विचार केला आणि ताठ बसून म्हणाले, “हा समुद्र आहे.”

“समुद्रच!” होयबा म्हणाला.

“साहेब, मी या समुद्राच्या खालच्या मजल्यावर राहतो,” काका म्हणाले. “रोज रात्री माझ्या छतावर फुटतो तो.”

“काका, तुम्हाला फक्त आवाज येतो. दिसतं का काही?”

“आणि कूस बदला म्हणतेय ती?” नकोबाईनं विचारलं.

“ती... किनाऱ्यावरची आहे.”

“किनाऱ्यावर बायका असतातच,” होयबानं दुजोरा दिला.

नकोबाईनं फाईल पुढे सरकवली. स्पीकरमधून आता झोपेत बरळणारा, केविलवाणा, ऑफिसातल्या प्रत्येकाच्या रोजच्या ओळखीचा आवाज आला: “अगं, सांग ना... ठेवू का सार्वजनिक? की नको? सांग ना गं...”

“कूस बदला!”

काकांनी रुमाल तोंडात कोंबला.

“समुद्राला आपल्या धंद्याची फारच काळजी दिसतेय,” नकोबाई म्हणाली.

पण एकदा समुद्र म्हटलं की समुद्र. साहेब म्हणाले, “लाटांच्या आवाजात माणसाला वाटेल ते ऐकू येतं. फाईल बरोबर आहे. विषय संपला.” आणि ते तडक दाराकडे गेले. दार आतून उघडत नसल्यामुळे त्यांना तिथेच उभं राहावं लागलं. बाहेरून कोणीतरी उघडेपर्यंत सगळेजण आणि समुद्र एकाच खोलीत होते.

शुक्रवार उजाडला. नकोबाईनं टेबल आवरायला घेतलं. कानाचा टवका उडालेला कप, खुर्चीवरची उशी, कुंडीतलं चिवट झाड. एकेक वस्तू ती खोक्यात आपटत होती. “माणूस स्वतःचा आवाज ओळखत नाही,” ती काकांना म्हणाली. “ओळखला तरी म्हणतो समुद्र आहे. अशा माणसाच्या हाताखाली मी इतकी वर्षं काढली, चूक माझीच.” पण झाड तिनं आधी पाणी घालून मगच खोक्यात ठेवलं. घरी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना काय सांगायचं? नोकरी समुद्रात गेली?

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. भराभर आणि रागानं. दार उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वहिनी ऑफिसात आल्या. कोणी ओळख करून दिली नाही. गरजच पडली नाही. त्यांनी “कुठे आहेत ते?” एवढं म्हटलं मात्र, आणि आवाज ओळखून होयबानं उभ्या उभ्या कूस बदलली.

साहेब आपल्या केबिनमधून बाहेर आले. “अगं, तू? इथे?”

“माझ्या बहिणीला नवी गादी घ्यायची होती,” वहिनी म्हणाल्या. “तिनं दुकानाच्या साइटवर एक बटण दाबलं. आतून मी बोलले! तिचा नवरा म्हणाला, अरे, हा तर ताईंचा आवाज. आता त्यांच्या घरात कोणी चहा मागितला तरी म्हणतात, आधी कूस बदला! आमच्या बेडरूममधलं हे कोणी मांडलं चव्हाट्यावर?”

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. साहेबांनी ऑफिसकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या थरथरत्या रेघेकडे पाहिलं. आणि सवयीनं बोलून गेले, “अगं, तुझा गैरसमज होतोय. तो समुद्र आहे.”

वहिनी शांत झाल्या. ही शांतता नकोबाईनं लगेच ओळखली. ती तिच्याच जातीची होती.

“समुद्र,” वहिनी म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे तो आवाज तुमच्या घोरण्याचा नाही.”

“मी जन्मात घोरलो नाही!”

“आणि ती बाई मी नाही.”

“छे! तू कशी असशील?”

“मग,” वहिनींनी पर्स हळूच टेबलावर ठेवली, “समुद्रावर रात्रभर तुमच्या उशाशी बसून तुम्हाला ‘कूस बदला’ म्हणणारी ही बाई कोण?”

होयबाचं तोंड उघडलं, पण हो म्हणण्यासारखं काही न सापडल्यामुळे ते तसंच उघडं राहिलं.

साहेबांचे दोन्ही हात वर गेले आणि सबंध मजल्याला ऐकू जाईल असा टाहो फुटला, “मी घोरतो! मीच घोरतो! लग्नाच्या आधीपासून घोरतो! फाईल माझी आहे, चुकीची आहे, मी उघडून बघितली नाही! समुद्र नाही, काही नाही!”

“ऐकलंत सगळ्यांनी?” वहिनी म्हणाल्या.

“स्पष्ट,” काका म्हणाले.

नकोबाईनं खोक्यातून झाड काढलं आणि पुन्हा खिडकीत ठेवलं.

फाईल त्याच क्षणी उतरवली गेली. आणि त्याच्या दुसऱ्या क्षणी फोन वाजला. गादीवाल्या बाई होत्या. “समुद्र कुठे गेला? इथे गिऱ्हाइकं ओरडताहेत! माझा स्वतःचा नवरा जागा होऊन बसलाय, भर दुपारी! मला तो समुद्र परत हवा, त्या बाईसकट हवा. आणि सार्वजनिक साठवणीचं आजच्या आज सांगा. हो की नाही?”

साहेबांनी फोनवर हात ठेवला. दोन्ही तळवे टेबलावर ठेवायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी नुसतंच छताकडे पाहिलं. मग हळूच, सगळ्या ऑफिसच्या देखत, वहिनींकडे पाहिलं.

“मला काय बघता?” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही रोज जिच्या ‘नको’ची तक्रार करता त्या मुलीनं काय सांगितलंय?”

“तिनं... लिहून पाठवलंय.”

“मग उघडा.”

साहेबांनी उघडलं आणि पहिल्यांदाच वाचलं. अगदी थोडक्यात होतं. द्या की सार्वजनिक साठवण. फक्त ज्याला फाईल बाहेर काढायची आहे त्यानं ती आधी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत बघावी, ऐकावी. त्याशिवाय ‘सार्वजनिक करा’ हे बटण उमटणारच नाही.

“म्हणजे तू ‘हो’च म्हणत होतीस?” साहेब थक्क झाले.

“पहिल्या दिवसापासून,” नकोबाई म्हणाली. “पण तुम्ही सगळे माझं ‘नको’ ऐकूनच उठता.”

“हे पक्कं,” वहिनी म्हणाल्या. “आणि माझा आवाज द्यायला माझी हरकत नाही. यांना सांगून काही फरक पडला नाही. परक्या लोकांच्या घरात तरी पडतोय. पण नियम सगळ्यांना सारखा. यांनासुद्धा.”

म्हणून त्या दुपारी साहेब मीटिंगच्या खोलीत चाकाच्या खुर्चीत बसले, हेडफोन लावले आणि स्वतःचं घोरणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला लागले. काचेच्या भिंतीबाहेर ऑफिस जमलं होतं. बटण उमटल्याशिवाय गादीवाल्या बाईंना समुद्र मिळणार नव्हता.

पहिल्या चार-पाच लाटा साहेबांनी ताठ बसून ऐकल्या. मग मान डुलायला लागली. मग हनुवटी छातीला टेकली. आणि थोड्याच वेळात काचेपलीकडून, हेडफोनमधल्या आवाजाशी ताल जुळवत, ताजा आवाज सुरू झाला: घर्रर्र... फूस्स्स.

“आता?” काकांनी विचारलं. “हे शेवटपर्यंत ऐकणार कसे? आणि बटण उमटणार कधी?”

बहुधा हेडफोनमध्ये वहिनींची पाळी आली असावी. कारण साहेबांनी झोपेतच कूस बदलली. चाकाची खुर्ची गर्रकन फिरली, घरंगळत दारापर्यंत गेली आणि आतून न उघडणाऱ्या दाराला धडकून थांबली. साहेब जागे झाले नाहीत. उलट, काचा थरथरायला लागल्या.

होयबा दोन्ही हात जोडून बघत होता.

“वा साहेब,” तो भारावून म्हणाला, “काय भरती आलीय!”